एवढी भारी फाईट करतो, मग हा माणूस स्टार का नाही झाला?

ब्रिटिश मार्शल आर्टिस्ट आणि नट स्कॉट अ‍ॅडकिन्सची एखादी क्लिप तुमच्यासमोर कधी ना कधी आलीच असेल. उडी, हवेत पूर्ण गिरकी आणि समोरच्याच्या छातीत लाथ, मध्ये कट नाही, अंगाला बांधून वर उचलणारी वायर नाही, माणूस खरोखर हवेत आहे. बघून पहिला प्रश्न हाच पडतो की हा कोण आणि आपल्याला याचं नाव कसं माहीत नाही? आणि दुसरीकडे मोठ्या बजेटच्या अ‍ॅक्शन सिनेमात हिरो म्हणून असा नट उभा असतो ज्याला शूटिंगच्या चार-सहा महिने आधी नीट मुठ वळता येत नव्हती. अ‍ॅडकिन्स एकटा नाहीये, थायलंडचा टोनी जा, इंडोनेशियाचा इको उवैस, अमेरिकेचे मायकल जाय व्हाईट, मार्क डाकॅस्कोस, आपल्याकडे विद्युत जामवाल, यादी मोठी आहे. लोक याची उत्तरं पटकन देऊन टाकतात, की नशीब, की लॉबी, की अ‍ॅक्टिंग येत नाही. तिन्हीत थोडं थोडं तथ्य आहे पण मूळ कारण वेगळं आहे असं मला वाटतं. सिनेमाला फाईट हवी असते, फायटर हवाच असतो असं नाही, आणि ही गोष्ट एकदा समजली की बाकीचं सगळं आपोआप उलगडत जातं.

आधी स्टार म्हणजे काय ते बघू

स्टार म्हणजे ज्याचं नाव ऐकून लोक गोष्ट माहीत नसताना तिकीट काढतात तो. पहिल्या दोन-तीन दिवसात थिएटरला जी गर्दी होते तिला धंद्यात ओपनिंग म्हणतात, आणि निर्माता, डिस्ट्रिब्युटर, ओटीटीवाले सगळे पैसे लावताना या ओपनिंगचाच अंदाज बांधत असतात. आता गोची बघा, कौशल्य हे सिनेमा बघितल्यावर कळतं, पण पैसे सिनेमा बनायच्या आधी लागतात. तुम्ही जगातली सगळ्यात सुंदर राउंडहाऊस किक मारत असाल तरी ती बघायला लोक आत यायला हवेत, आणि आत येतात ते माणसासाठी, किकसाठी यायला फक्त फाईटचे चाहते तयार असतात आणि त्यांची संख्या कुठल्याही देशात मर्यादित आहे. बाकीच्या प्रेक्षकाला दोन तास ज्याच्यासोबत घालवायला आवडेल असा चेहरा लागतो.

खरी मारामारी आणि पडद्यावरची मारामारी

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. आपल्याला वाटतं खरा चॅम्पियन असेल तर पडद्यावर तो जास्त भारी दिसणार. तसं होत नाही. रिंगमध्ये गुद्दा येतोय हे समोरच्याला कळता कामा नये, म्हणून हालचाल छोटी, हात कमीत कमी मागे न्यायचा, चेहरा कोरा ठेवायचा, लागलं तरी लागलंय हे दाखवायचं नाही. कॅमेऱ्याला यातलं प्रत्येक उलटं हवं असतं. गुद्दा येतोय हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला आधीच दिसलं पाहिजे, हात मोठा फिरला पाहिजे, आणि ज्याला लागलं त्याने ते लागणं पूर्ण अंगाने दाखवलं पाहिजे, फाईटचं निम्मं काम तर मार खाणाराच करत असतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेहरा. वर्षानुवर्षं जो माणूस भीती, राग, वेदना चेहऱ्यावर येऊ न द्यायचं शिकलाय, त्याला एक दिवस क्लोजअपमध्ये बसवून सांगतात की आता घाबर. लहानपणापासून घटवलेली सवय एका वर्कशॉपमध्ये मोडत नाही.

म्हणूनच जे खरोखर मोठे स्टार झाले त्यांची पाळंमुळं तपासून बघा. ब्रूस लीला आपण फायटर म्हणून ओळखतो, पण त्याचे वडील कॅन्टोनीज ऑपेरातले नट होते, तो स्वतः हाँगकाँगमध्ये बालकलाकार होता, अठराव्या वर्षाच्या आसपास त्याच्या नावावर वीसेक सिनेमे जमा होते आणि १९५८ मध्ये त्याने चा-चा डान्सची स्पर्धा जिंकली होती. जॅकी चॅन लहान वयात पेकिंग ऑपेराच्या शाळेत गेला, तिथे गाणं, अभिनय, कसरती आणि लढणं सगळं एकत्र शिकवायचे, हाँगकाँगचे दुसरे अ‍ॅक्शन स्टार सॅमो हंग आणि युएन ब्याओ त्याच शाळेतले. मिशेल योह तर बॅले शिकलेली, फाईट ती सिनेमात आल्यावर शिकली. जेट ली हा वूशू या चिनी मार्शल आर्टमधला चीनचा राष्ट्रीय चॅम्पियन, पण तो ज्या प्रकारात जिंकायचा तो प्रकारच मुळात सादरीकरणाचा आहे, म्हणजे समोर प्रतिस्पर्धी नाही आणि हालचाल किती अचूक, किती देखणी यावर मार्क मिळतात. ज्यांना आपण मार्शल आर्ट्सचे सगळ्यात मोठे स्टार म्हणतो ते बहुतेक आधी रंगमंचावरचे, नाचातले किंवा सादरीकरणातले लोक होते, आणि हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात दुर्लक्षित सत्य वाटतं.

शरीराचं प्लेबॅक

आपल्याला हे समजायला फार सोपं आहे कारण आपल्याकडे असंच एकदा घडून गेलंय. बोलपटांच्या सुरुवातीला नटाला गाता यावंच लागायचं, गळा नसेल तर हिरो होणं अवघड. मग १९३५ च्या सुमारास प्लेबॅक आलं, चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, आणि काही वर्षांत गाणारा नट ही जातच संपत गेली. प्रेक्षकाला कधी फसवल्यासारखं वाटलं नाही. अ‍ॅक्शनमध्ये तेच झालं. स्टंट डबल म्हणजे हिरोच्या जागी उडी मारणारा माणूस, तो होताच, त्यात वायर आल्या, कम्प्युटर ग्राफिक्स आलं, आणि एडिटिंग इतकं वेगवान झालं की दोन सेकंदात चार कट मारले तर कोणी कोणाला काय मारलं हे कळायची गरजच उरली नाही.

१९९९ चा 'द मेट्रिक्स' इथला मोठा टप्पा. हाँगकाँगचे फाईट बसवणारे दिग्दर्शक युएन वू-पिंग यांना बोलावून किआनू रीव्हज, कॅरी-अ‍ॅन मॉस, लॉरेन्स फिशबर्न आणि ह्यूगो वीव्हिंग यांना काही महिने तालीम दिली, चौघातला एकही जण मार्शल आर्टिस्ट म्हणून ओळखला जात नव्हता, आणि जगाने त्या फाईट डोक्यावर घेतल्या. मग मॅट डेमनचे 'बोर्न' सिनेमे आले, हलणारा कॅमेरा आणि तुकडे तुकडे केलेली फाईट. २००८ मध्ये पंचावन्नच्या पुढचा लिआम नीसन 'टेकन'मधून अ‍ॅक्शन हिरो झाला, आणि त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागात तर त्याने एक कुंपण ओलांडलेलं दाखवायला डझनभर तरी कट वापरलेत. नीसनला कमी लेखायचं नाहीये, तो फार मोठा नट आहे, आणि मुद्दा तोच आहे की निर्मात्यांना हिशोब कळला. ज्याचं नाव आधीच चालतंय त्याला चार महिन्यात फाईटचं पुरेसं शिकवता येतं, पण फायटरला चार महिन्यात स्टार करायची पद्धत कोणाकडेच नाही.

फक्त एक फरक आहे आणि तो मला फार अन्यायाचा वाटतो. प्लेबॅक गाणाऱ्यांचं नाव झालं, कारण गाणं सिनेमातून बाहेर काढून रेडिओवर वाजवता येतं, रेकॉर्ड विकता येते, लोक आवाज ओळखायला लागतात. फाईट अशी सुटी करून विकता येत नाही. डबलचा चेहरा तर मुद्दामच लपवलेला असतो. त्यामुळे ज्याच्या अंगात कला आहे त्याची कला वापरली जाते पण नाव जमा होत नाही.

हिरोला मोठं करायला कोणीतरी लागतं

मग हे लोक मोठ्या सिनेमात दिसतात तरी कुठे? समोरच्या बाजूला. हिरो भारी वाटायचा असेल तर त्याने हरवलेला माणूस भारी असावा लागतो, आणि त्यासाठी मार्शल आर्टिस्ट अगदी योग्य. जेट ली हाँगकाँगमध्ये प्रचंड मोठा स्टार असताना १९९८ मध्ये हॉलिवूडमध्ये आला तो 'लीथल वेपन ४'चा व्हिलन म्हणून, आणि शेवटी त्याला हरवायला मेल गिब्सन आणि डॅनी ग्लोव्हर दोघं मिळून लागले. विद्युत जामवाल, जो लहानपणापासून केरळमध्ये कलरीपयट्टू शिकला, त्याचं हिंदीतलं पदार्पण २०११ च्या 'फोर्स'मध्ये जॉन अब्राहमच्या समोरचा व्हिलन म्हणून. इंडोनेशियाचा जो तस्लीम, देशासाठी ज्युदो खेळलेला, 'फास्ट अँड फ्युरियस ६'मध्ये व्हिलनच्या टोळीतला एक. टोनी जा सातव्या भागात तसाच. २०१५ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये इंडोनेशियाच्या 'द रेड' या फाईटसाठी गाजलेल्या मालिकेतल्या तिघांना घेतलं, म्हणजे इको उवैस, यायान रुहियान आणि चेचेप आरिफ रहमान, सगळ्या अ‍ॅक्शनवेड्यांनी श्वास रोखून धरला, आणि तिघांना एक धड फाईटसुद्धा दिली नाही.

मार्व्हलच्या २०२१ च्या 'शांग-ची' या सुपरहिरो सिनेमात अँडी ले नावाचा मुलगा आहे, मित्रांबरोबर व्हिडिओ बघून बघून शिकलेला, काय सुंदर हालचाल आहे त्याची! त्याला रोल मिळाला डेथ डीलरचा, चेहऱ्यावर पूर्ण वेळ मुखवटा आणि तोंडी एक शब्द नाही. हिरो झाला सिमू लिऊ, जो टीव्हीवरच्या कॉमेडी मालिकेतून आलेला नट. सिमू लिऊने काम छान केलंय, पण या एका सिनेमात सगळी व्यवस्था दिसते, बोलणारा पुढे आणि लढणारा मुखवट्यात.

यातला सापळा असा की सिनेमातला सगळ्यात भारी सीन तुमचाच असतो, लोक टाळ्या वाजवतात, तुम्ही मरता, आणि पुढच्या वेळी कास्टिंगवाला तुमचं नाव बघून पुन्हा तसाच रोल पाठवतो. याला टाइपकास्ट होणं म्हणतात.

छोट्या बजेटचा पिंजरा

दुसरा रस्ता म्हणजे स्वतः हिरो व्हायचं पण छोट्या सिनेमात. ८० आणि ९० च्या दशकात व्हिडिओ कॅसेटचा धंदा जोरात होता तेव्हा थिएटरला न लावता थेट कॅसेटवर येणारे अ‍ॅक्शन सिनेमे धडाधड बनायचे, त्याला डायरेक्ट-टू-व्हिडिओ म्हणायचे, नंतर तेच डीव्हीडीवर आणि आता ओटीटीवर. याने कितीतरी लोकांची घरं चालली, त्याबद्दल वाईट बोलायचं कारण नाही. जाँ-क्लॉड व्हान डॅम १९८८ च्या 'ब्लडस्पोर्ट'सारख्या स्वस्तातल्या सिनेमातून वर चढला आणि १९९४ च्या 'टाइमकॉप'पर्यंत थिएटरमध्ये चाललासुद्धा, पण ९० चं दशक संपता संपता तोही कॅसेटच्या रांगेत परत गेला.

पण पिंजरा कसा तयार होतो ते बघा. शूटिंगला मोजके आठवडे, मग पैसे वाचवायचे कुठे तर आधी स्क्रिप्टमध्ये आणि सहकलाकारांमध्ये. समोर चांगला नट नाही, हातात चांगला सीन नाही, दिग्दर्शकाला दुसरा टेक घ्यायला वेळ नाही, तर हा माणूस अभिनयात सुधारणार कसा? नट सुधारतो तो आपल्यापेक्षा चांगल्या नटासमोर उभं राहून. असे वीस सिनेमे केले तरी तो तिथेच राहतो आणि मग लोक म्हणतात बघा याला अ‍ॅक्टिंग येत नाही. आणि फाईटचंही तेच, चांगली फाईट शूट करायला वेळ लागतो, हाँगकाँगच्या चांगल्या दिवसांत एकेका फाईटला आठवडेच्या आठवडे द्यायचे. म्हणजे जिथे वेळ आणि पैसा आहे तिथल्या हिरोला फाईट येत नाही आणि जिथल्या हिरोला येते तिथे वेळ आणि पैसा नाही.

तरीही अ‍ॅडकिन्सचंच एक उदाहरण मला फार आशेचं वाटतं. २००६ च्या 'अनडिस्प्युटेड २'मध्ये तो युरी बॉयका नावाचा कैदी होता, रोल व्हिलनचा, पण त्या पात्रात गर्व होता, श्रद्धा होती, स्वतःचे कडक नियम होते, गुडघा मोडल्यावरची पडझड होती. लोकांना तो इतका आवडला की पुढच्या दोन भागांत तोच हिरो. किक त्याच्या आधीही तेवढ्याच चांगल्या होत्या, पात्र तेव्हा पहिल्यांदा मिळालं.

"पण अ‍ॅक्टिंग येत नाही हे खरंच आहे ना?"

काहींच्या बाबतीत खरं आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण मग अर्नोल्ड श्वार्झनेगरचं काय? बॉडीबिल्डर, इंग्रजीचे उच्चार जड, चेहरा ताठ, आणि तरी जगातला सगळ्यात मोठा अ‍ॅक्शन स्टार. १९८२ मध्ये 'कोनान', ज्यात बोलायचं कमी आणि दिसायचं जास्त, आणि १९८४ मध्ये 'द टर्मिनेटर', ज्यात तो यंत्रमानव आहे, त्यामुळे सगळा ताठपणाच त्या पात्राची ताकद झाला. पायरी पायरीने १९८८ मध्ये 'ट्विन्स'सारखी कॉमेडी. त्याच्या उणिवा कोणीतरी नीट ओळखल्या आणि त्यांना शोभेल अशी गोष्ट निवडली. मार्शल आर्टिस्टच्या वाट्याला हे फार कमी वेळा येतं, त्याला जी गोष्ट मिळते ती आधीच लिहून ठेवलेली असते, भावाचा खून झालाय, बदला घ्यायचाय, एक स्पर्धा आहे, संपलं.

जॅकी चॅनची कहाणी याच्या जवळची आहे. १९७६ मध्ये दिग्दर्शक लो वेईने त्याला दुसरा ब्रूस ली बनवायला बघितलं, रागीट, गंभीर, आणि ते पडलं, कारण ब्रूस लीचा राग त्याच्या डोळ्यातून यायचा आणि जॅकीच्या डोळ्यात तो नव्हताच. १९७८ मध्ये युएन वू-पिंगने त्याला मोकळं सोडलं, 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर', आणि जॅकीने तिथे आपली वाट पकडली, की हा हिरो मार खातो, पळतो, गुद्दा मारल्यावर याचाच हात दुखतो. लोकांना तो आपल्यातला वाटला. त्याच्या फाईटइतकाच तो कळवळलेला चेहरा त्याचं भांडवल आहे.

आणि जेसन स्टॅथम? तो ब्रिटनचा डायव्हिंगचा खेळाडू, तो आला १९९८ मध्ये बडबड्या गुन्हेगारी सिनेमातून, म्हणजे लोकांना आधी त्याचा आवाज, त्याचं बोलणं माहीत झालं आणि २००२ च्या 'द ट्रान्सपोर्टर'मध्ये नंतर लाथा. क्रम उलटा असता तर तोही डीव्हीडीच्या शेल्फवर राहिला असता असं माझं ठाम मत आहे.

चेहरा कोणाचा, भाषा कोणाची

हा मुद्दा टाळून चालणार नाही. ब्रूस लीने १९६६-६७ मध्ये अमेरिकन टीव्हीवर 'द ग्रीन हॉर्नेट'मध्ये केटोचं काम केलं, म्हणजे हिरोचा ड्रायव्हर आणि साथीदार. नंतर १९७२ मध्ये शाओलिन साधूवर 'कुंग फू' ही मालिका आली तेव्हा मुख्य भूमिका डेव्हिड कॅरेडाइनला मिळाली, जो ना चिनी होता ना मार्शल आर्टिस्ट. ब्रूस ली तोवर हाँगकाँगला गेला होता, तिथे स्टार झाला, मग हॉलिवूडने 'एन्टर द ड्रॅगन' दिला आणि तो प्रदर्शित व्हायच्या काही आठवडे आधी, २० जुलै १९७३ ला तो गेला.

जॅकीचा हॉलिवूडमधला पहिला मोठा प्रयत्न १९८० चा, दुसरा १९८५ चा, दोन्ही फसले, कारण फाईट कशा घ्यायच्या हे दुसरे ठरवत होते. तो परत गेला आणि त्याच वर्षी स्वतःच्या पद्धतीने 'पोलीस स्टोरी' केला, ज्यातली मॉलमधली फाईट आजही शिकवावी अशी आहे. अमेरिकेत खरं यश आलं ते १९९६ मध्ये तिथे लागलेल्या 'रंबल इन द ब्राँक्स'ने आणि १९९८ च्या 'रश अवर'ने, आणि 'रश अवर'मध्ये बडबड करायला शेजारी ख्रिस टकर होता, म्हणजे इंग्रजी कच्चं असण्याची अडचणच विनोदाचा भाग करून टाकली. पहिल्या प्रयत्नापासून इथपर्यंत अठरा वर्षं. एवढा धीर आणि पाठीमागे हाँगकाँगसारखी स्वतःची बाजारपेठ किती जणांकडे असते? टोनी जा किंवा इको उवैस यांच्याकडे तेवढा मोठा घरचा बाजार नव्हता.

"मग अक्षय कुमार आणि टायगर श्रॉफ कसे झाले?"

हा प्रश्न हमखास येतो. अक्षयने बँकॉकमध्ये मुए थाई शिकली, १९९२ च्या 'खिलाडी'पासून अ‍ॅक्शनवाला म्हणून नाव झालं, पण तो टिकला आणि मोठा झाला तो २००० च्या 'हेरा फेरी'नंतर कॉमेडीमुळे, पुढे तर फाईट नसलेले सिनेमेही त्याच्या नावावर चालले. टायगरचं लाँचिंग मोठं होतं, घराण्याचं नाव होतं आणि तो अप्रतिम नाचतो, हिंदी सिनेमात नाच हे फाईटपेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचतं. तरीसुद्धा २०१९ च्या 'वॉर'नंतर 'हीरोपंती २', 'गणपत', 'बडे मियाँ छोटे मियाँ' ओळीने पडले, म्हणजे इतकी सगळी साधनं असूनही नुसत्या अ‍ॅक्शनवर गाडी पुढे जात नाही. हिंदीत हिरोला एकाच सिनेमात प्रेम, विनोद, गाणं, आईसमोर रडणं सगळं करावं लागतं, त्यामुळे विद्युतसारख्या माणसाला इथे हॉलिवूडपेक्षाही अवघड जातं.

जुळून आलं की काय होतं ते रितिका सिंगच्या बाबतीत दिसलं. ती खरी किकबॉक्सर, २०१६ मध्ये सुधा कोंगराने तिला 'इरुधी सुट्रु' म्हणजे हिंदीतल्या 'साला खडूस'मध्ये घेतलं, रोल कोळीवाड्यातल्या तापट बॉक्सर मुलीचा, आणि पहिल्याच सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला. तिच्याकडून ओढूनताणून काही करून घेतलं नाही, जे तिच्यात होतं त्याभोवतीच पात्र होतं.

बायकांच्या बाबतीत

इथे तर अजून अरुंद. सिंथिया रॉथरॉक ही अमेरिकेची फॉर्म्समधली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशिवाय हालचाली सादर करायच्या प्रकारातली, अनेकदा चॅम्पियन झालेली, १९८५ मध्ये हाँगकाँगच्या 'येस, मॅडम'मध्ये ती आणि मिशेल योह बरोबरीच्या भूमिकेत. रॉथरॉकला स्वतःच्या देशात छोट्या व्हिडिओ सिनेमांच्या पलीकडे फारसं कोणी नेलं नाही. मिशेल योहला जगाने मान्य करायला मार्च २०२३ उजाडावं लागलं, साठाव्या वर्षी ऑस्कर, आणि तोही 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स'मधल्या थकलेल्या, गोंधळलेल्या, टॅक्सच्या कागदांनी वैतागलेल्या एका बाईच्या भूमिकेसाठी. गंमत म्हणजे त्या सिनेमातल्या फाईट बसवणाऱ्यांमध्ये तोच अँडी ले आणि त्याचा भाऊ होता.

शरीराचं घड्याळ

नटाला तिशीत, चाळिशीत चांगले रोल मिळायला लागतात, तोवर उडी मारणाऱ्याचे गुडघे बोलायला लागलेले असतात. टोनी जाने २००३ च्या 'ओंग बाक'मध्ये वायर आणि डबल न वापरता जे केलं, पुढे 'टॉम यम गूंग'मध्ये जिने चढत चढत जवळपास चार मिनिटांचा एकच सलग शॉट दिला, ते पुन्हा पुन्हा करणं माणसाच्या शरीराला शक्य नाही. जॅकी तर १९८६ च्या सिनेमाच्या शूटिंगला झाडावरून पडून कवटी फोडून घेऊन बसला होता, मरता मरता वाचला. म्हणून हॉलिवूडमध्ये विमा कंपन्याच हिरोला असलं काही करू देत नाहीत, आणि स्वतः स्टंट करणं ही ज्याची ओळख आहे त्याची ओळखच तिथे काढून घेतली जाते.

हाँगकाँगच्या डॉनी येनचा पहिला सिनेमा १९८४ चा, पण तो खऱ्या अर्थाने घराघरात गेला २००८ च्या 'इप मॅन'ने, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यात घरात चाललेल्या फाईटमध्ये त्याचा लहान मुलगा तीनचाकी सायकलवर येतो आणि सांगतो की आई म्हणतेय तुम्ही हात उचलला नाहीत तर घरातलं सगळं फुटेल. वीस वर्षं जो माणूस सगळ्यात वेगवान हात म्हणून ओळखला गेला, तो या सीनमध्ये पहिल्यांदा कोणाचा तरी नवरा आणि बाप म्हणून दिसला. मी कोणालाही एकच सीन दाखवायचा झाला तर हाच दाखवेन.

आता काही बदलतंय का?

थोडं. 'द मेट्रिक्स'मध्ये किआनू रीव्हजचा डबल असलेला चॅड स्टाहेल्स्की पुढे दिग्दर्शक झाला आणि २०१४ मध्ये 'जॉन विक' आला, लांब शॉट, कमी कट, फाईट स्पष्ट दिसते. त्याच्या पुढच्या भागांमध्ये मार्क डाकॅस्कोस, यायान रुहियान, डॉनी येन, अ‍ॅडकिन्स यांना मान मिळाला, चौथ्या भागातला डॉनीचा आंधळा मारेकरी तर कित्येकांना हिरोइतकाच लक्षात राहिला, कारण त्याला एक मुलगी होती आणि जुना मित्र मारायची सक्ती होती. पण बघा, मधला माणूस अजूनही किआनूच आहे. स्टंटवाले दिग्दर्शक झाले तरी ते स्टार म्हणून स्टारलाच घेतात, त्यांनाही पैसे तसेच उभे करावे लागतात.

एप्रिल २०२५ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने जाहीर केलं की २०२७ मध्ये येणाऱ्या सिनेमांपासून स्टंट डिझाइनसाठी वेगळा पुरस्कार असेल, पहिला २०२८ च्या सोहळ्यात मिळेल. कित्येक वर्षांची मागणी होती, फार चांगलं झालं. फक्त हा पुरस्कार फाईट रचणाऱ्यांसाठी आहे, त्या फाईटमध्ये उभ्या असलेल्या नटासाठी नाही. त्यामुळे मला वाटतं पुढच्या दहा वर्षांत या कलेतले सगळ्यात हुशार लोक कॅमेऱ्याच्या मागेच जातील, तिथे नाव आहे आणि गुडघेही टिकतात. पुढे उभं राहायची ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी खरी गरज लेखकांची आहे, ज्यांना या माणसाचं चालणं, गप्प बसणं, लाजणं बघून त्यावर पात्र लिहिता येईल आणि पहिली लाथ चाळिसाव्या मिनिटाला ठेवायची हिंमत असेल, आणि असं स्क्रिप्ट घेऊन अनोळखी चेहऱ्यावर पैसे लावणारा निर्माता आज तरी ओटीटीवरच सापडण्याची शक्यता जास्त आहे.